डार्कटेबल : समुद्राची छायाचित्रे कृष्णधवल करण्यासाठी कितपत उपयोगी?

डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरचे हे परीक्षण एकाच कामापुरते आहे : समुद्राच्या छायाचित्रांवर संगणकावर संस्कार करणे आणि त्यांना कृष्णधवल रूप देणे. लग्नाचे अल्बम, वस्तूंची जाहिरात किंवा पक्ष्यांची छायाचित्रे यांसाठी ते कसे आहे, याचा विचार येथे केलेला नाही. माझे मत आधीच सांगतो. कोकणच्या किनाऱ्याचे रंग ज्या प्रकारचे आहेत, त्यांना तयार साच्यातले कृष्णधवल मानवत नाही. कोणत्या रंगाला किती उजेड मिळावा हा निर्णय छायाचित्रकाराकडेच राहावा लागतो, आणि तो निर्णय डार्कटेबल जितक्या उघडपणे हाती देते, तितक्या उघडपणे मी वापरलेल्या दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिलेला नाही. मोबदला मात्र शिकण्याच्या वेळेत द्यावा लागतो आणि तो थोडाथोडका नसतो.

मराठवाड्यातल्या छायाचित्रकाराला हा वेळ देणे तुलनेने परवडते. कोकणात राहणारा माणूस आजचा समुद्र मनासारखा मिळाला नाही तर उद्या पुन्हा किनाऱ्यावर जाऊ शकतो. लातूर, परभणी किंवा नांदेडहून गेलेल्या माणसाजवळ वर्षभरात मोजक्याच फायली जमतात आणि त्यांच्यावर बसून काम करण्यावाचून पर्याय नसतो. सरावासाठी आमच्याकडे पैठणचा नाथसागर आहे. जायकवाडीचे मातीचे धरण सुमारे दहा किलोमीटर लांब असून त्यामागचे पाणी पश्चिमेकडे पसरलेले आहे, त्यामुळे पाण्यावरची सरळ क्षितिजरेषा आणि पाण्यावर मावळणारा सूर्य, या सागरी छायाचित्राच्या दोन मुख्य अडचणी तेथेही भेटतात. भरती-ओहोटी, फेस आणि खारे तुषार तेवढे भेटत नाहीत. पुढे जे लिहिले आहे ते रत्नागिरी, हर्णै, हरिहरेश्वर आणि मालवण या बाजूंच्या रॉ फायलींवर (कॅमेऱ्याने संस्कार न करता साठवलेल्या मूळ फायलींवर) केलेल्या कामाच्या आधारे आहे. नाथसागराचा उल्लेख आवश्यक तेथेच येईल.

डार्कटेबलची सुरुवात २००९ साली झाली. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याला परवान्याचे शुल्क नाही आणि मासिक वर्गणीही नाही. लिनक्स व मॅकवर ते पूर्वीपासून होते; विंडोजसाठीची अधिकृत आवृत्ती २०१७ च्या डिसेंबरात आली. वर्षातून साधारण दोनदा, उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास, नवी आवृत्ती निघते. याच क्षेत्रात लाइटरूम आणि सिल्व्हर इफेक्स ही दोन नावे अधिक प्रसिद्ध आहेत. सिल्व्हर इफेक्सचा इतिहास तर ग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे. ते बनवणारी मूळ निक कंपनी २०१२ मध्ये गूगलने घेतली, २०१६ मध्ये तिच्या सॉफ्टवेअरचा सगळा संच मोफत केला, २०१७ मध्ये तो फ्रान्सच्या डीएक्सओ कंपनीकडे गेला आणि त्यानंतर पुन्हा विकत घ्यावा लागू लागला. आपली कामाची पद्धत ज्या साधनावर उभी आहे ते असे हात बदलत राहिले की जुन्या फायलींचे पुढे काय होणार, ही चिंता मागे लागते. डार्कटेबलमध्ये मूळ फाइलला हात लागत नाही. केलेल्या प्रत्येक क्रियेची नोंद शेजारी ठेवलेल्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये होते, ती फाइल साध्या मजकुराची असते, आणि काम चालू असताना वीज गेली तरी झालेल्या कामाचा मोठा भाग त्या नोंदीत टिकून राहतो. उन्हाळ्यात आमच्याकडे हा गुण कागदावरचा राहत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समुद्राच्या छायाचित्रात पहिली तपासणी क्षितिजाची होते. डोंगराची रेषा अर्धा अंश कलली तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण पाण्याची रेषा तेवढीच कलली तर समुद्र एका बाजूला सांडतो आहे असे दिसते. डार्कटेबलमध्ये एकेका कामासाठी वेगळे साधन असते, त्याला मॉड्यूल म्हणतात; त्यातल्या रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह मॉड्यूलमध्ये छायाचित्रावर क्षितिजाच्या बाजूने रेघ ओढली की कोन आपोआप सुधारतो. मात्र रुंद लेन्समधून क्षितिज वाकडेही होते, आणि केवळ फिरवून ते सरळ होत नाही. चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या तृतीयांशावर ठेवलेले क्षितिज मध्यात फुगल्यासारखे दिसते, त्याला लेन्स करेक्शन हेच उत्तर आहे. हे मॉड्यूल लेन्सफन या खुल्या माहितीसंग्रहाचा आधार घेते. प्रचलित लेन्स त्यात बहुधा सापडतात. अगदी नव्या किंवा कमी खपाच्या लेन्सची नोंद नसेल तर अडचण होते. म्हणून आपली लेन्स त्या यादीत आहे की नाही हे आधी पाहून घ्यावे.

लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-१६ च्या आसपास, म्हणजे बरेच लहान, ठेवले की सेन्सरवरची धूळ आकाशात करड्या ठिपक्यांच्या रूपाने उमटते, आणि पुढे कॉन्ट्रास्ट वाढवला की ते ठिपके गडद होत जातात. रीटच मॉड्यूल ते काम नीट करते. दीर्घ एक्स्पोजरमध्ये उमटणारे चमकते पिक्सेल घालवण्यासाठी हॉट पिक्सेल्स नावाचे वेगळे मॉड्यूल आहे. दहा स्टॉपचा, म्हणजे दहा वेळा प्रकाश निम्मा करणारा, एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची गडद काच) प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, म्हणजे एक साठांश सेकंदाचे एक्स्पोजर सोळा-सतरा सेकंदांवर जाते. स्वस्तातले असे फिल्टर छायाचित्राला तपकिरी किंवा जांभळट झाक देतात. रंगीत छायाचित्रात ही झाक काढणे जिकिरीचे असते; कृष्णधवलात ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अनेकजण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ते योग्य नाही, कारण झाक दिसत नसली तरी लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलचे परस्परप्रमाण तिने बदललेले असते आणि करडा रंग त्या प्रमाणातूनच तयार होणार असतो.

येथे आपण मुख्य विषयाशी पोहोचतो. रंगीत छायाचित्राचे कृष्णधवल करणे म्हणजे प्रत्येक बिंदूच्या तीन आकड्यांचा एक आकडा करणे. मानवी डोळ्याच्या संवेदनेनुसार हा हिशेब करायचा तर हिरव्याला सुमारे ७१.५ टक्के, लालला २१.३ टक्के आणि निळ्याला ७.२ टक्के वजन दिले जाते. संगणकाच्या पडद्यासाठीचे हे प्रमाण ठरलेले आहे आणि नुसते सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर आणले की बहुतेक सॉफ्टवेअर याच्याच आसपासचे काही करतात. त्यातून बरोबर पण मिळमिळीत छायाचित्र तयार होते. डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये ग्रे नावाचा भाग आहे. तेथे लाल, हिरवा आणि निळा असे तीनच स्लायडर दिसतात. स्लायडर शून्याच्या खालीही नेता येतात, म्हणजे एखाद्या रंगाचा उजेड वजाही करता येतो, आणि नॉर्मलाइझ हा पर्याय चालू ठेवला तर तिन्ही वजनांची बेरीज एकवर राहून एकूण उजेड ढळत नाही. बाहेरून हे फारच साधे दिसते, परंतु समुद्राच्या छायाचित्राचा निम्म्याहून अधिक निकाल याच तीन स्लायडरांवर लागतो.

कृष्णधवल सागरी छायाचित्रासाठी लाल फिल्टर वापरावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागचे गृहीत असे की आकाश निळे, पाणी निळे आणि खडक करडे असतात. लाल वजन वाढवले की निळे सगळे काळवंडते आणि ढग व फेस उठून दिसतात. भूमध्य समुद्रासाठी हा सल्ला उत्तम असेल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो जसाच्या तसा चालत नाही. तेथला कडा जांभ्या दगडाचा आहे, आणि जांभा लाल प्रकाश भरपूर परावर्तित करतो. लाल वजन वाढवताच तो कडा फिकट, पिठासारखा होतो आणि त्याचा सगळा भारदस्तपणाच निघून जातो. पाण्याचीही तीच गत होते. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ खाड्यांच्या मुखाजवळचे पाणी गाळाने तपकिरी असते, त्यात निळ्यापेक्षा लाल अधिक असतो, म्हणून लाल फिल्टरने ते काळे होण्याऐवजी उजळते. परिणामी आकाश काळे आणि समुद्र फिकट असे उलटे चित्र हाती येते. ते कधीकधी हवेही असते, पण ते आपण ठरवून केलेले असावे.

याउलट वजन निळ्याकडे झुकवले तर जांभा जवळपास काळा पडतो, त्याच्यावरची भोके आणि पाण्याने कोरलेल्या कडा ठळक होतात, आणि आकाश पांढरे होत जाते. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकारांचे आकाश असेच कोरे येत असे, कारण त्या काळची ओली कलोडियन काच मुख्यत्वे निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होती. फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन काचा वापरून एकच छाप काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली, ती याच अडचणीतून. आज दुसऱ्या काचेची गरज नाही, पण अडचण मात्र तीच आहे : खडकाला शोभणारे वजन आकाशाला शोभत नाही.

उत्तर कोकणात हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी प्रश्न निराळा आहे. तेथला खडक काळा बेसाल्ट आहे, म्हणजे वेरूळ आणि देवगिरी ज्यात कोरले गेले तोच दख्खनचा दगड, आणि आमच्या डोळ्यांना त्याची सवय आहे. या दगडाला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्यामुळे तीन स्लायडर कसेही हलवले तरी तो फारसा बदलत नाही. ओला असताना त्याच्यावर आकाशाचे प्रतिबिंब पडते, आणि तेवढ्या भागात मात्र तो आकाशासारखा वागतो. म्हणून बेसाल्टच्या छायाचित्रात वजने आकाश आणि पाणी यांच्याकडे पाहून ठरवावीत, दगडाकडे पाहू नये. रत्नागिरीजवळच्या मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूलाही हेच लागू पडते. मालवणला हिवाळ्यात सिंधुदुर्गाभोवतीचे पाणी हिरवट आणि स्वच्छ असते. तेथे हिरवे वजन थोडे वाढवले की उथळ पाण्यातला तळ उजळतो आणि खोल पाणी वेगळे होते. या एका पट्ट्यात चार प्रकारचा समुद्र असल्यामुळेच एका बटणाने होणारे रूपांतर मला पटत नाही.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे बहुतेकांचे समुद्रदर्शन मावळतीचे असते. मावळतीच्या केशरी पट्ट्यात लाल चॅनल बहुधा आधी भरतो, म्हणजे त्यात सूर्याभोवती तपशील उरत नाही, तर हिरव्या आणि निळ्यात तो शिल्लक असतो. येथे लाल वजन वाढवणे म्हणजे जे नाही तेच मोठ्याने दाखवणे होय. लाल जवळपास शून्यावर आणून हिरव्यावर भर दिला की सूर्याभोवतीची वलये परत दिसू लागतात. निळ्यावर फार भर देऊ नये. सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी आणि प्रत्येकी चौथा हिस्सा लाल व निळ्यासाठी असतो. मावळतीला मुळात निळा प्रकाश कमी, त्यात त्याला ताणले की आकाशात दाणेदार गोंधळ उमटतो. हा दाणा फिल्मच्या दाण्यासारखा देखणा नसतो. धुक्याचा विचार मात्र उलट दिशेने करावा लागतो. हवेत विखुरलेला प्रकाश निळसर असतो, म्हणून हर्णैच्या किनाऱ्यावरून दिसणारा सुवर्णदुर्ग धूसर येत असेल तर लाल वजन त्याला जवळ आणते आणि निळे वजन त्याला दूर नेते. दोन्हींचा उपयोग आहे. दूरचा किल्ला पुसट राहिल्याने जे अंतर जाणवते ते डीहेझ करून (सॉफ्टवेअरने धूसरपणा काढून) घालवणे मला अनेकदा अरसिकपणाचे वाटते.

खडक आणि आकाश यांना वेगळी वजने द्यायची असतील तर डार्कटेबल एकाच मॉड्यूलच्या अनेक प्रती लावू देते. पहिल्या प्रतीला पॅरामेट्रिक मास्क लावावा. हा मास्क रंग किंवा उजेड यांच्या आधारे भाग निवडतो, आणि मॉड्यूलमध्ये येणाऱ्या रंगीत चित्रावरून तो ठरवता येत असल्यामुळे बाहेर पडणारे चित्र करडे असले तरी निळे आकाश त्याला ओळखता येते. या प्रतीने आकाश करडे झाले की तिच्यानंतरच्या दुसऱ्या प्रतीला मास्क लावू नये, हे महत्त्वाचे आहे. पहिल्याच्या उलटा मास्क दुसरीला लावण्याचा मोह होतो, पण मास्कच्या मऊ कडेवर दोन्ही प्रती अर्धवट काम करतात आणि तेथे किंचित रंग शिल्लक राहतो. दुसरी प्रत पूर्ण चित्रावर चालू दिली तर आधीच करड्या झालेल्या भागात तिन्ही आकडे सारखे असल्यामुळे, वजनांची बेरीज एक असताना, तेथे काही बदलत नाही, आणि उरलेले सगळे करडे होऊन जाते. लाइटरूममध्ये हे काम आठ रंगांच्या स्लायडरांनी आणि एका क्लिकवर आकाश निवडणाऱ्या मास्कने होते. ते वेगवान आहे, हे मान्य करायला हवे. परंतु तेथे निळा स्लायडर जोराने ओढला की आकाश आणि खडक यांच्या सीमेवर पांढरी किनार दिसू लागते, कारण त्या सीमेवरचे रंग मिसळलेले असतात. तीन चॅनलांच्या वजनांनी बनवलेल्या करड्यात अशी किनार सहसा येत नाही, कारण तेथे रंगांचे तुकडे पाडलेलेच नसतात. प्रत्येक बिंदूला एकच नियम लागतो.

व्हाइट बॅलन्सचा उपयोगही याच दृष्टीने करता येतो. करडे करण्याच्या आधीच्या टप्प्यात चित्र थंड किंवा उबदार केले तर पुढच्या तीन स्लायडरांना मिळणारा कच्चा माल बदलतो आणि त्यामुळे ढगांचे पोत वेगळे उमटते. डार्कटेबलमध्ये मॉड्यूलांचा क्रम ठरलेला आणि डोळ्यांसमोर असल्यामुळे आपण नेमके कोठे हात घातला हे कळते.

मॉड्यूलसोबत काही तयार प्रीसेट येतात आणि त्यांत इल्फर्ड एचपी-५, डेल्टा १००, फुजी अ‍ॅक्रॉस १०० अशी फिल्मची नावे आहेत. या नावांवरून फिल्मचा दाणा आणि कॉन्ट्रास्टही मिळेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. त्या फिल्मची वेगवेगळ्या रंगांबाबतची संवेदनशीलता तेवढी येथे तीन आकड्यांत बसवलेली आहे. दाण्यासाठी वेगळे मॉड्यूल आहे आणि समुद्राच्या छायाचित्रात ते बंद ठेवलेलेच बरे. सिल्व्हर इफेक्स या बाबतीत पुढे आहे. त्यात फिल्मचा दाणा, छटा, टोनिंग, कडा असे सगळे एकत्र येते आणि बघताबघता छायाचित्राला जुन्या छापाचा भारदस्तपणा चढतो. ज्याला झटपट आणि देखणा निकाल हवा त्याने ते घ्यावे. फक्त त्यातला स्ट्रक्चर हा स्लायडर समुद्रासाठी घातक आहे. लाटेच्या पाठीवरचा गुळगुळीत उतार तो खरखरीत करतो आणि पाण्याला डांबराचे रूप देतो.

छटांची वाटणी करण्यासाठी डार्कटेबलमध्ये टोन इक्वलायझर आहे. ते २०१९ च्या डिसेंबरातल्या ३.० आवृत्तीपासून उपलब्ध असून माझ्या मते केवळ त्याच्यासाठी हे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन सिस्टममध्ये शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे टप्पे मानले जातात. टोन इक्वलायझर त्याच विचाराने चित्राचे उजेडाचे नऊ पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे वरखाली करू देते. मॉड्यूल उघडे असताना माऊस चित्रावर नेऊन चाक फिरवले की त्या जागेच्या उजेडाचा पट्टा उजळतो किंवा मंद होतो. ओल्या खडकावर बोट ठेवून ‘हा थोडा वर आण’ म्हणावे, तसे हे काम चालते. फेसाचा पट्टा जळू न देता मधल्या लाटा वेगळ्या काढणे, खडकाच्या सावलीत थोडा तपशील ठेवून तिचा काळेपणा राखणे, ही कामे कर्व्हने (उजेडाचा आलेख वाकवून) करताना चित्राच्या पोताला धक्का बसतो. येथे आतल्या मास्कमुळे पोत टिकते. त्यासाठी तो मास्क मात्र नीट बसवावा लागतो. मास्कचे एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट न जुळवता स्लायडर ओढले तर नऊपैकी तीनच पट्टे काम करतात, आणि क्षितिजावर पाण्याच्या वर उजेडाची झालर उमटते. समुद्राच्या छायाचित्रात क्षितिज लपवायला झाड नसते, त्यामुळे ही झालर लगेच पकडली जाते.

दीर्घ एक्स्पोजरने दुधासारख्या झालेल्या पाण्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. अशा पाण्यात मध्यम करड्या छटांचा फार हळू बदलणारा उतार असतो. आठ बिटांच्या जेपेगमध्ये एका चॅनलला २५६ पायऱ्या मिळतात, चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. कृष्णधवल करताना कॉन्ट्रास्ट वाढवणे म्हणजे या पायऱ्या दूरदूर नेणे, म्हणून जेपेगवर काम केल्यास पाण्यात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. मोबाइलवरच्या जेपेगवर कृष्णधवलाचे प्रयोग करून सॉफ्टवेअरला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शेवटचा कॉन्ट्रास्ट ठरवण्यासाठी फिल्मिक आणि सिग्मॉइड असे पर्याय आहेत. फिल्मिकमध्ये नियंत्रण अधिक आहे, पण समुद्रासाठी मला सिग्मॉइड पुरेसा वाटतो. त्यातून फेस पांढऱ्याकडे सावकाश जातो आणि सूर्याभोवती एकदम भिंत उभी राहत नाही.

आता उणिवांकडे. पहिली आणि मोठी उणीव म्हणजे मांडणी. मॉड्यूलांची संख्या भरमसाट आहे, एकच काम करणारी तीन-तीन मॉड्यूले आहेत, जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी नांदतात, आणि कोणती सोडून द्यावी हे नवख्याला कोणी सांगत नाही. कृष्णधवलासाठीच पाहिले तर मोनोक्रोम नावाचे वेगळे मॉड्यूल आहे, नाव वाचून माणूस तिकडेच वळतो, आणि सर्वांत चांगले काम मात्र कलर कॅलिब्रेशन या रंगाच्या नावाखाली दडलेले आहे. नवशिक्याने क्विक अ‍ॅक्सेस पॅनेलमध्ये एक्स्पोजर, लेन्स करेक्शन, रोटेट, रीटच, कलर कॅलिब्रेशन, टोन इक्वलायझर आणि सिग्मॉइड एवढेच ठेवून बाकीचे विसरून जावे. दुसरी उणीव वेगाची आहे. डीनॉइझ किंवा डिफ्यूझ ऑर शार्पन ही मॉड्यूले गणिताने जड आहेत. ओपनसीएल चालवणारे, म्हणजे हे गणित स्वतःकडे घेऊ शकणारे, ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रत्येक बदलानंतर थांबावे लागते, आणि मे महिन्यात साध्या लॅपटॉपचा पंखा अखंड घरघरत राहतो. तिसरी, नवी आवृत्ती बसवली की चित्रांचा माहितीसाठा नव्या रचनेत बदलला जातो आणि जुन्या आवृत्तीला तो उघडता येत नाही. म्हणून काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलू नये आणि बदलण्याआधी माहितीसाठ्याची प्रत काढून ठेवावी. अनेक छायाचित्रे जोडून पॅनोरामा शिवणे हे यात होत नाही, त्यासाठी ह्युगिनसारख्या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे जावे लागते. लोकल कॉन्ट्रास्ट मॉड्यूल चांगले आहे, पण ढगाळ आकाशावर ते वापरले की ढग मळकट होतात. वापरायचेच तर मास्क लावून खडकापुरते वापरावे.

कृष्णधवलाची खरी परीक्षा कागदावर होते, आणि मराठवाड्यातल्या शहरांत ती अवघड आहे. येथल्या बहुतेक लॅब लग्नसराईच्या अल्बमवर चालतात, त्यांची यंत्रे रंगीत फोटो पेपरवर छापतात, आणि त्या कागदावर करडा रंग तीन रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होत असल्यामुळे त्यांचा समतोल किंचित ढळला तरी समुद्र हिरवट किंवा गुलाबी दिसतो. याचा दोष सॉफ्टवेअरला देता येत नाही, पण तयारी सॉफ्टवेअरमध्येच करता येते. लॅबकडून किंवा कागद बनवणाऱ्याकडून आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल) मिळाले तर डार्कटेबलमधल्या सॉफ्टप्रूफने, म्हणजे छापाच्या पडद्यावरच्या चाचणीने, कोणत्या छटा कागदावर बुजतील याचा अंदाज आधीच येतो. मॅट कागदावर गडद काळा मिळत नाही, म्हणून ओल्या बेसाल्टच्या सावल्या त्या कागदासाठी वेगळ्या उजळाव्या लागतात. बरायटा या चकाकी असलेल्या कागदावर त्या तशाच ठेवता येतात. मोठ्या आकाराचा छाप करण्याआधी सहा बाय नऊ इंचांची एक पट्टी, ज्यात फेस, खडक आणि आकाश तिन्ही येतील अशी, छापून दिवसाच्या उजेडात पाहावी. काळ्या आणि करड्या अशा अनेक शाया असलेला इंकजेट प्रिंटर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे काम द्यावे, मग तो जिल्ह्याबाहेर असला तरी चालेल.

निर्यात करताना लॅबने वेगळे सांगितले नसेल तर एसआरजीबी रंगपट्टा आणि उच्च दर्जाचे जेपेग ठेवावे. फाइल पूर्ण करडी झालेली असली तरी ती ग्रेस्केलऐवजी आरजीबी स्वरूपातच द्यावी, कारण अनेक लॅबची यंत्रणा ग्रेस्केल फाइल स्वीकारत नाही किंवा तिचा उजेड स्वतःच बदलते. बारा बाय अठरा इंचांच्या छापासाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल क्षितिज सरळ करताना गेलेल्या कडा धरूनही पुरते. त्याहून मोठा छाप हवा असेल तर दीर्घ एक्स्पोजरचे मऊ पाणी २०० डीपीआयलाही खपून जाते, खडक मात्र जवळून पाहणाऱ्याला फसवू शकत नाही. लॅबच्या पावतीवर ‘ऑटो करेक्शन बंद’ असे ठळक लिहून घ्यावे, नाहीतर आपण तीन स्लायडरांवर घालवलेली संध्याकाळ यंत्र एका क्षणात सरासरीवर आणून ठेवते.